म्हातारपणाचा मुक्काम कोठे टाकावा?



नोकरदाराला निवृत्तीची तारीख असते. राज्य सरकारचा कर्मचारी अठ्ठावन्न वर्षांचा झाला की हार-नारळ घेऊन घरी येतो. शेतकऱ्याला अशी तारीख कोणी देत नाही. त्याची तारीख गुडघे ठरवतात, डोळ्यातला मोतीबिंदू ठरवतो, नाहीतर रात्री दोन वाजता आलेली लाईट ठरवते. मोटार सुरू करायला बॅटरी घेऊन बांधावरून जाताना एखादे दिवशी पाय घसरतो आणि घरातली मंडळी म्हणतात, "बास झालं आता, पुण्याला चला." त्या दिवसापासून एक प्रश्न घरात येऊन बसतो : आता राहायचं कुठं?

आपल्या अर्धापूर भागात हा प्रश्न आता घरोघर आहे. पूर्णेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, केळी आली. त्या पैशावर पोरं शिकली. शिकलेली पोरं पुणे, चाकण, संभाजीनगर, हैदराबादला नोकरीला लागली. हे वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही; त्यासाठीच तर आपण घाम गाळला. परंतु गावात मागे राहिले ते म्हातारा-म्हातारी, पाच-सात एकर रान आणि कुलूप घातलेल्या दोन खोल्या. म्हणून या अंकात उसाच्या जातीविषयी न लिहिता ऊस लावणाऱ्या माणसाच्या उतारवयाविषयी लिहावे असे आम्ही ठरविले.

हा प्रश्न जगात सगळीकडे आहे. थंड मुलखातली माणसे काम संपले की ऊन शोधत निघतात. इंग्लंडमधली पेन्शनर मंडळी स्पेनच्या किनाऱ्याला जाऊन राहतात. अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात १९६० साली 'सन सिटी' नावाचे एक गावच निवृत्त लोकांसाठी वसविले गेले. बर्फ नको, थंडीने सांधे आखडायला नकोत, आणि खर्च कमी, एवढाच हिशोब. पण त्याच भागातल्या फिनिक्स शहरात जून-जुलै २०२३ मध्ये सलग एकतीस दिवस पारा त्रेचाळीस अंशांच्या वर गेला. ऊन शोधत गेलेल्यांना दारे-खिडक्या लावून गार हवेच्या यंत्रापुढे बसावे लागले.

आपल्याला ऊन शोधायला कुठे जावे लागत नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा त्याच त्रेचाळीसला टेकतो. तेव्हा आपला हिशोब वेगळा आहे. म्हातारपणी शरीराला सोसवेल, खिशाला परवडेल, आणि हाक मारली तर ओ देणारे माणूस असेल, अशी जागा आपल्याला हवी. या तीन कसोट्यांवर आपल्यापुढचे तीन रस्ते तपासून पाहू.

पहिला रस्ता पुण्याचा. पुणे हे पूर्वीपासून पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाते. हवा आपल्यापेक्षा सौम्य, दवाखाने मोठे, आणि मुख्य म्हणजे लेक-सून-नातवंडे तिथे. हे सगळे खरे आहे. ज्यांचे तिथे बरे चालले आहे त्यांना आमचे म्हणणे लागू नाही, त्यांनी सुखाने राहावे. पण जाऊन परत आलेल्या सभासदांशी बोलावे तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. सकाळी आठला मुलगा-सून बाहेर, नातू शाळेत, आणि सातव्या मजल्यावर आपण दोघे. खाली उतरले तर ओळखीचे कोणी नाही. "राम राम" म्हटले तर समोरचा दचकतो. ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी उठून पहिल्यांदा आभाळाकडे पाहिले, त्याला तिथे समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. म्हातारीचे तर आणखी वेगळे. तिची कामातून सुटका होतच नाही. सत्तराव्या वर्षी पुन्हा चूल तिच्याकडे येते, फरक एवढाच की आता ती गॅसची असते. नातवाला सांभाळणे हा आनंद आहे खरा, पण त्यालाही सुट्टीचा वार असावा.

आणि अंतर विसरू नये. पुणे नांदेडपासून साडेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. मयतीला, लग्नाला, ऊसनोंदीला, सोसायटीच्या कामाला दर वेळी रात्रभराचा प्रवास. रेल्वेने ज्येष्ठांना मिळणारी तिकिटाची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. एस.टी.ने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. पण तिकीट फुकट झाले म्हणून कंबर फुकटात बसत नाही.

दुसरा रस्ता नांदेडचा, किंवा कोणाचे लागेबांधे असतील तर लातूरचा. अर्धापूरहून नांदेड वीसेक किलोमीटर. सकाळी रानात येऊन संध्याकाळी परत जाता येते. विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, खाजगी दवाखान्यांची तर रांगच आहे. भाषा आपली, बाजार आपला, पाहुणे-रावळे ओळखीचे. आमच्या मते, ज्याला गावात राहणे खरोखर जमत नाही त्याने पुण्याआधी नांदेडचा विचार करावा.

मात्र शहरात घर पाहताना रंग-फरशी पाहू नये, नळ पाहावा. लातूरचे उदाहरण आपल्या डोळ्यापुढे आहे. शिक्षणासाठी आणि उतारवयासाठी भोवतालच्या गावांतून माणसे लातुरात गेली. एप्रिल २०१६ मध्ये त्याच शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आणून पाजावे लागले. तरण्या माणसाने घागर उचलली, रांगेत उभा राहिला. सत्तरीतल्या माणसाने काय करावे? तेव्हा उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये. तसेच नदी-नाल्याच्या काठी स्वस्तात मिळणारा प्लॉट घेऊ नये; तो स्वस्त का आहे हे २०२५ च्या पावसाळ्याने नांदेड जिल्ह्याला नीट समजावून सांगितले आहे. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला घेऊ नये. आज चढता येतो म्हणून घ्याल, पाच वर्षांनी तेच घर तुरुंग होईल.

तिसरा रस्ता म्हणजे आहे तिथेच राहणे. गावात घर आपले आहे, भाडे नाही. दूध, भाजी, ज्वारी यांचा खर्च शहराच्या मानाने कमी. पारावर बसले की चार माणसे येऊन बसतात. दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारायला येते. ही शेजाऱ्याची चौकशी शहरात पैसे मोजूनही मिळत नाही. पण गावातही सगळे गोड नाही. रात्री छातीत कळ आली तर गाडी कुणाची? जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनी हजारो माणसे गाडली गेली, त्यानंतर सगळीकडे स्लॅब आले. ते सुरक्षित खरे, पण मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली आग ओततो. म्हाताऱ्या माणसाला ऊन बाधते ते नुसते दुपारचेच नव्हे, अशा रात्रीचेही. तेव्हा गावात राहायचे ठरवले असेल तर पहिला खर्च घरावर करावा. स्लॅबला वरून पांढरा चुना द्यावा, पश्चिमेला कडुनिंब लावावा, हवा खेळेल अशी समोरासमोर खिडकी काढावी, आणि संडास-न्हाणी घराला लागून, पायरी न चढता जाता येईल अशी करावी. पोराच्या लग्नात मांडवावर जेवढा खर्च होतो त्याच्या मानाने हे काहीच नाही.

आता पैशाचा हिशोब. इथे आपण शेतकरी हमखास फसतो, कारण शहरातला खर्च महिन्याला होतो आणि उसाचा पैसा वर्षाला येतो. आडसाली ऊस असेल तर सोळा-अठरा महिन्यांनी येतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरली. एकरी चाळीस टन धरले तर आकडा १,४२,००० रुपयांचा दिसतो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा. बेणे, खत, मजुरी, पाणीपट्टी वजा करा. रान बटईने दिले असेल तर वाटेकऱ्याचा वाटा वजा करा. उरेल त्याला महिन्यांनी भागा. हा भागाकार कागदावर न करताच पुष्कळ मंडळी शहरात भाड्याची खोली घेतात, आणि दिवाळीपर्यंत हात रिकामा होतो. मग पोराकडे मागायचे. मागणाऱ्याचा आवाज खाली जातो, हे आपण जाणतोच.

म्हणून काहीजण म्हणतात, "जमीनच विकून टाका आणि व्याजावर जगा." रस्त्यात किंवा कालव्यात जमीन जाऊन एकरकमी मोबदला हाती आला तरी हाच विचार मनात येतो. व्याजाचा हिशोबही करून पाहू. २०२५ साली पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज होते. दहा लाख ठेवले तर वर्षाला ८२,००० रुपये, म्हणजे दर तीन महिन्यांना २०,५०० रुपये. हे नियमित येणारे पैसे आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला नियमितपणा लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण दहा लाखांचे दहा लाखच राहतात आणि औषधाची बाटली मात्र दरवर्षी महाग होते.

शिवाय सगळी जमीन विकली म्हणजे नुसती जमीनच जाते असे नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. एकदा सातबारावरून नाव उतरले की आपण आणि आपल्यामागे आपली लेकरे शेतकरी राहत नाहीत. पुढे कोणा नातवाला परत यावेसे वाटले तरी दार बंद. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद म्हणून असलेले आपले स्थानही उसावर उभे आहे. तेव्हा गरजेपोटी विकावीच लागली तर थोडी विका, पण एक तुकडा नावावर ठेवा.

याहून मोठी घाई होते ती वाटणीची. "पोरांनो, घ्या तुमचं तुम्ही," असे म्हणून बाप सगळे नावावर करून मोकळा होतो, आणि पुढे खरोखरच मोकळा होतो! पोरे वाईटच असतात असे नाही. पण त्यांच्यावरही हप्ते असतात, त्यांची लेकरे असतात, आणि बापाचा नंबर आपोआप मागे पडतो. यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण कायदा सर्वांनी माहीत करून घ्यावा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर दिलेले रद्द करून घेता येते. निर्वाहासाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवून मिळू शकते. यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. मात्र अट कागदावर पाहिजे. नुसते तोंडी ठरले होते, एवढे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मधील निकालात सांगितले आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईने मुलाला करून दिलेले दानपत्र रद्द ठरविले आणि मालमत्तेचा ताबा तिला परत द्यायला लावला. तेव्हा दानपत्र करायचेच असेल तर "आम्हा दोघांचा हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात घालून घ्या. लेकाला राग येईल म्हणून संकोच करू नका. ज्याला सांभाळायचेच आहे त्याला अट जड होत नाही.

आणि घरधनिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे काय, तेही पाहा. पती हयात असताना पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची 'लक्ष्मी मुक्ती' योजना राज्यात १९९२ सालापासून आहे. अजूनही कितीतरी घरांत ते काम राहून गेले आहे. म्हातारा आधी गेला तर म्हातारीचा मुक्काम कोठे, याचे उत्तर त्या एका नोंदीवर ठरते. शेअरची वारसनोंदही याच वेळी तपासून घ्यावी.

इथे आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. दिवाळीनंतर आपल्या फडात कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्या कंधार-मुखेडकडच्या असतात, बीडकडच्या असतात. त्यांचे म्हातारे आई-बाप पाच-सहा महिने मागे एकटे राहतात, नाहीतर साठीतही मोळी उचलत फडात येतात. 'राहायचं कुठं' हा प्रश्न पडायलाही गाठीला काहीतरी असावे लागते, ते त्यांच्याजवळ नाही. आपण ज्याला अडचण म्हणतो ती त्यांच्या दृष्टीने चैन आहे. म्हणून पुढे जे आम्ही मागणार आहोत त्यात त्यांचाही वाटा असावा.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. म्हातारपणाचा मुक्काम कोठे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. तो कारखान्याचाही प्रश्न आहे. गावात म्हाताऱ्याला राहणे अवघड झाले की तो जातो. तो गेला की रान पडीक पडते नाहीतर विकले जाते. रान विकले की तिथे प्लॉट पडतात, आणि प्लॉटात ऊस उगवत नाही. कारखान्याला यंत्रे नवी आणता येतील. उभा ऊस कोठून आणणार? तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सभासदांनी पुढील चार गोष्टी मांडाव्यात असे आम्ही सुचवितो.

एक, पासष्टीच्या पुढच्या सभासदांची गटवार यादी करावी. लावणीच्या तारखेचा क्रम कोणासाठी मोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण नोंद, तोडीची चिठ्ठी आणि वजनाची पावती यांसाठी त्यांना गट ऑफिसला हेलपाटे पडू नयेत. चिटबॉयने घरी जावे.

दोन, बटईचा करार तोंडी असतो, म्हणून भांडणे होतात आणि रान परत मिळेल की नाही ही भीती राहते. शेती खात्याने वकिलाकडून एक साधा मुदतीचा करारनामा करून घ्यावा. एका बाजूला वयस्कर सभासद, दुसऱ्या बाजूला कष्टाची तयारी असलेला तरुण, आणि बिलातला ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या खात्यावर. यातून गावातल्या बेकार पोरांनाही रान मिळेल.

तीन, प्रत्येक गटात आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसावा. रक्तदाब आणि साखर तपासावी. हंगामात त्याच दिवशी तोडणी मजुरांचीही तपासणी व्हावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. तिचे कार्ड काढून देण्यासाठी गटवार शिबिर घेतले तर खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

चार, उसाचे बिल हाती आले की पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेत खाते उघडून देण्यास मदत करावी. कारखान्याने स्वतः ठेवी घ्याव्यात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पैसा पोस्टात राहावा, कारखान्याने फक्त फॉर्म भरायला माणूस द्यावा.

यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी नवा बॉयलर बसवावा लागेल.

राहता राहिला सभासदांनी स्वतः करायचा भाग. हा निर्णय पडल्या-झडल्यानंतर दवाखान्याच्या खाटेवर घेऊ नये. साठीत, हात-पाय चालत असताना घ्यावा. आणि एकदम घेऊ नये. पुण्याला जायचे तर आधी चार महिने राहून पाहा, त्यातला एक महिना श्रावणाचा आणि एक मे महिन्याचा असू द्या. तोवर गावचे घर भाड्याने देऊ नका, बैल-गाय विकू नका, आणि कशावर अंगठा किंवा सही करू नका. मालकिणीला विचारा, तिचे उत्तर बहुधा तुमच्यापेक्षा वेगळे निघेल, आणि पुष्कळदा तेच बरोबर असेल. मन रमले तर आनंदाने राहा. नाही रमले तर परत यायला लाजू नका. गाव कुणाला "का आलास?" असे विचारत नाही, "कधी आलास?" एवढेच विचारते.

सभासदांनी आपापल्या गावात या विषयावर चर्चा करावी आणि आपली मते गट ऑफिसमध्ये लेखी द्यावीत, ही विनंती. लिहिता येत नसेल त्याने नातवाकडून लिहून घ्यावे. त्या निमित्ताने नातवालाही कळेल की आजोबांपुढे प्रश्न कोणता आहे.